बांच्या शेडमधली हेराल्ड

आमच्या घरात हळू कुणी बोलतच नसे. सुरतेत उधन्याला आमच्या दोन खोल्यांच्या मागे चोवीस मागांचा कारखाना होता आणि मधली भिंत दोघांना मिळून एकच. दिवसभर खटाखट, खटाखट. फळीवरच्या थाळ्या त्या हादऱ्याने मुंगीच्या चालीने पुढे सरकत आणि संध्याकाळी माय त्यांना तळहाताने मागे ढकलून ठेवी. पातेल्यातल्या दुधावर साय धरेपर्यंत बारीक लहरी उठत राहत. सुट्टीच्या दिवशी माग थांबले की आम्ही विनाकारण एकमेकांवर ओरडतोय असं वाटून आमचं आम्हालाच हसू येई. अजूनही मी फोनवर बोलायला लागले की माझी सून उठून खोलीचं दार लावून घेते. मी काही रागवत नाही. मागांच्या शेजारी वाढलेल्या माणसाचा आवाज कमी करायचं बटण कुठेच नसतं.

आबा, म्हणजे माझे वडील, त्याच कारखान्यात माग दुरुस्त करणारे मास्तर. खानदेशातल्या पारोळ्याकडून आले ते हातात एक वळकटी आणि कानात एक देणगी घेऊन. चोवीस माग एकदम धडधडत असताना कुठला माग दुखतोय हे ते जेवता जेवता सांगत. कळण्याच्या भाकरीचा घास तोंडाशी थांबवायचे, मान तिरकी करायचे आणि म्हणायचे, "अकरा नंबर. पट्टा ढिला शे." मग तसेच उष्ट्या हाताने उठून जायचे. माय मागून ओरडायची, "भाकर तरी सरू द्या!" पण तोवर ते भिंतीपलीकडे पोचलेले असत आणि थोड्या वेळाने त्या गदारोळातला एक आवाज खरंच सुधारायचा. मला तो फरक कधी कळला नाही.

माय रोज सकाळी अठवा लाइन्सला स्वयंपाकाला जायची. तिथे एका बंगल्यात बा राहत. सत्तरीच्या, विधवा, पांढरं लुगडं, नाकावर जाड भिंग. मुलगा किरीटभाई बडोद्याला नोकरीला होता, त्यामुळे एवढ्या घरात त्या एकट्याच. मायने त्यांना मऊ फुलके करून वाढायचे आणि बांनी ते खाता खाता गुजराती छापा, म्हणजे वर्तमानपत्र, उघडून शेअरचे भाव वाचायचे, हा दोघींचा नेम. बा गुजरातीत बोलत, माय अहिराणीत उत्तर देई, आणि काही वर्षांत त्या दोघींची मिळून एक तिसरीच भाषा तयार झाली होती. ती मला येत असे, कारण शाळेला सुट्टी असली की मी मायबरोबर जायची. जायचं कारण बांची सुरती पापडी नव्हती, जरी ती मला फार आवडे. कारण होतं मागच्या शेडमधली गाडी.

मेणकापडाखाली ती झाकलेली असे. फिकट निळी, दोन दारांची, मागे छोटेसे पंख काढल्यासारखे कोपरे. हेराल्ड. बांच्या यजमानांनी ती नवी घेतलेली, आणि ते गेल्यापासून ती शेडबाहेर निघाली नव्हती. पहिल्यांदा बांनी तिचं तोंड उघडून दाखवलं तेव्हा मी किंचाळलेच. इतर गाड्यांचं नुसतं झाकण वर होतं. हिचा पुढचा अख्खा भाग, दिवे, चाकांवरची मडगार्डं सगळ्यासकट, समोरच्या बाजूला कलला. मगरीने जबडा वासावा तसा. आत इंजिन एकटंच उघड्यावर बसलेलं. मायने पदर तोंडाला लावला, पण डोळे हटवले नाहीत. "बा, तुमी चालाडेल शे का ही?" तिने विचारलं. बा भिंगातून बघत हसल्या. "तारा शेठने तो बीक लागती. हुं ज चलावती." शेठना भीती वाटायची, गाडी चालवायच्या त्या बाच.

त्या दिवसापासून माय भांडी घासायच्या आधी शेडमध्ये जाऊन मेणकापडावरची धूळ झटकायला लागली. ते काम तिला कुणी सांगितलं नव्हतं.

शेअरचं वेड तिला बांनीच लावलं. वेड म्हणणं बरोबर नाही, कारण त्यात घाई अजिबात नव्हती. दिवाळीला बांनी बक्षिसी दिली तेव्हा मायने विचारलं, हे तुम्ही वाचता ते मला घेता येतं का? बा म्हणाल्या, येतं, पण ज्या कंपनीचा माल तुला समजतो तिचाच घे, आणि "लईने भूली जवानुं," घेऊन विसरून जायचं. मायने दोन दिवस विचार केला आणि रंग बनवणारी एक कंपनी निवडली. तिचं म्हणणं साधं होतं: ती ज्या ज्या घरी कामाला गेली त्या प्रत्येक घरात दिवाळीआधी तोच डबा तिने पाहिला होता. ज्या दिवशी दलालाचा माणूस अर्ज घ्यायला दारात येऊन उभा राहिला, त्याच सकाळी तिच्या उजव्या हातावर तेल उडालं होतं. पंजाला फडकं गुंडाळलेलं. माणूस घाई करत होता. तिने मला जवळ ओढलं. "मना हात जयेल शे. तूच लिख मनं नाव."

मी नऊ वर्षांची. एवढ्या महत्त्वाच्या कागदावर नुसतं नाव लिहायचं मला फार ओकंबोकं वाटलं. मी 'शेवंताबाई' असं ठसठशीत लिहिलं आणि 'वं'वरच्या टिंबाऐवजी पाच पाकळ्यांचं एक बारीक फूल काढलं. माणसाने बघितलं नाही, मायने बघितलं नाही. कागद गेला.

मग ती खरोखरच विसरून गेली. म्हणजे कामं चालूच राहिली, दर दिवाळीला थोडे शेअर वाढत राहिले, कंपनीने एकावर एक फुकट दिले तेही पत्र्याच्या पेटीत जाऊन बसले, पण 'आज भाव काय' हा शब्द आमच्या घरात कधी निघाला नाही. एका वर्षी बाजार असा कोसळला की आमच्या गल्लीतल्या, दलालाच्या नादाने शेअर घेतलेल्या तीन घरांत चूल पेटेना. आबा हवालदिल झाले. "इकी टाक," ते म्हणाले, "आहे ते तरी हातात येईल." माय तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "दिवाईले लोके घरले रंग देवानं बंद करतीन का?" आबा पुन्हा कारखान्यात गेले. तो विषय तिथेच संपला.

माझा नातू मोबाइलवर सकाळी घेतो, दुपारी विकतो आणि रात्री मला शेअरबाजार समजावून सांगतो. मी ऐकून घेते. त्याच्या पणजीने एका वाक्यात जे सांगितलं होतं, ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. वेळ आली की त्याला थेट तिलाच विचारता येईल. ती अजून आहे, ब्याऐंशी वर्षांची, आणि माझ्याहून मोठ्याने बोलते.

मी अठरा वर्षांची झाले त्या हिवाळ्यात बांनी भिंग खाली ठेवलं आणि मायला हाक मारली. तिचे रंगाचे शेअर दहापट झाले होते. माय पीठ मळत होती, हात तसाच परातीत ठेवून ती उभी राहिली. मग म्हणाली, यातला थोडाच भाग मी विकणार, बाकीचा राहू दे. आणि त्या पैशाचं काय करणार, असं बांनी विचारल्यावर ती जे बोलली त्याने माझ्या हातातली वाटी पडली. "ती गाडी मले इकत द्या."

बांनी छापा मिटून ठेवला. मग म्हणाल्या, "अरे, एम ज लई जा ने!" अशीच घेऊन जा की.

"फुकट मी लेवाव नही," माय म्हणाली. "नऊ वरीस थांबेल शे मी. मना पैसानी लिसू."

घरी आबांनी कपाळावर हात मारला. "येडी व्हयनी का तू? सोनं घे, नाहीतर गावाला खोलीवर पत्रा टाक. बंद पडेल गाडी लिसन काय करशी?" माय म्हणाली, "चालाडसू." आबांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही मध्यस्थी करीन. मी तर मनातल्या मनात त्या निळ्या गाडीत कधीच बसले होते.

शेअर विकायचे कागद गेले आणि काही आठवड्यांनी तसेच परत आले. वर शिक्का: सही जुळत नाही. मायला काही उमगेना. ती म्हणाली, या कागदांवर मी तर स्वच्छ अक्षरात सही केली होती. मला मात्र नऊ वर्षांपूर्वीच्या अर्जावरचं ते फूल आठवलं. त्याच आठवड्यात किरीटभाई बडोद्याहून आले. बांना ते आपल्याकडे नेणार होते, दोन महिन्यांत बंगला विकला जाणार होता आणि गुरुवारी सकाळी भंगारवाला हेराल्ड घेऊन जाणार होता. मायने सगळं सांगितलं. किरीटभाई वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "बेन, ती गाडी मरेलीच छे. चालती असती तर बंगला सोडेपर्यंत राहू दिली असती. मेलेली मी कशाला सांभाळू?"

बुधवारी संध्याकाळी मी मायला फुलाबद्दल सांगितलं. मी शिलाईच्या पेटीशी बसून, जमिनीकडे बघून, एका दमात बोलले. मागांच्या आवाजात तिला अर्धं ऐकू आलं नाही, म्हणून ते सगळं पुन्हा ओरडून सांगावं लागलं, आणि एखादा गुन्हा ओरडून कबूल करणं किती कठीण असतं ते मला तेव्हा कळलं. मायने विचारलं, "कसं फूल?" मी वहीवर काढून दाखवलं. तिने वही हातात घेतली, उजेडाकडे धरली, आणि हसायला लागली. इतकी हसली की आबा भिंतीपलीकडून धावत आले. त्यांना फुलाचंही सांगितलं आणि किरीटभाई काय म्हणाले तेही. ते उंबऱ्यावर टेकले आणि मायला म्हणाले, "ती गाडी, तिचं इंजिन हाताने फिरतं का?"

त्याच संध्याकाळी ते पहिल्यांदा बांच्या बंगल्यावर आले. पुढचा जबडा उघडला तेव्हा त्यांच्या तोंडून फक्त "आई शप्पथ" एवढंच निघालं. चारी प्लग काढून त्यांनी प्रत्येक भोकात चमचाभर तेल सोडलं आणि "राहू द्या, पिऊ द्या तिला," म्हणून निघून आले.

गुरुवारी आम्ही पोचलो तर भंगारवाल्याचा टेंपो फाटकाशी उभा होता, साखळी शेडपर्यंत ओढत नेलेली, आणि बा गाडीच्या आत. चालकाच्या जागी. मांडीवर छापा, डोळ्यांना भिंग. किरीटभाई खिडकीशी वाकून विनवत होते. "बा, उतरो ने!"

"भाव वांचुं छुं," बा म्हणाल्या. भाव वाचतेय. "पूरा थाय पछी."

भंगारवाला बिचारा डोकं खाजवत उभा. त्याने आयुष्यात पुष्कळ गाड्या उचलल्या होत्या, आत म्हातारी बसलेली एकही नाही. मायने चप्पल काढली, दार उघडलं आणि बांच्या शेजारी जाऊन बसली. मीही बसणार होते, पण आबांनी मला बाहेर ओढलं आणि हातात पाना दिला. "बठू नको. हे धर."

त्यांनी कधी मोटारीचं इंजिन उघडलं नव्हतं. मागाचंच काम तर आहे, असं ते स्वतःशी पुटपुटत होते. एक वस्तू फिरते, दुसरी तिच्या तालावर चालते. पंख्याचा पट्टा धरून त्यांनी जोर लावला. हललं नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा आतून एक ओलसर उसासा आला आणि पट्टा बोटभर सरकला. किरीटभाई बोलता बोलता थांबले. मग आबा भराभर कामाला लागले. पेट्रोलची नळी फुंकून मोकळी केली, कार्बोरेटर खोलून पदरासारख्या मऊ फडक्याने पुसला, ठिणगीचे पॉइंट काडेपेटीच्या खरखरीत बाजूने घासले. कारखान्याच्या मालकाच्या टेंपोची बॅटरी आणि डबाभर पेट्रोल त्यांनी सायकलवर बांधून आणलं होतं. मी पाने, स्क्रू, प्लग क्रमाने मांडत होते आणि तिकडे भंगारवाल्याने घड्याळ बघायला सुरुवात केली होती.

"बा, चावी," आबा म्हणाले.

बा पुढे वाकल्या आणि त्यांनी चावी फिरवली. खर्र. खर्र. शांतता. पुन्हा खर्र, एक ठसका, मागच्या नळीतून काळा धूर, पुन्हा शांतता. भंगारवाला साखळी उचलायला वाकला. आबांनी हात वर केला. मान तिरकी केली. त्या बंगल्यात एकही माग नव्हता, नुसत्या चिमण्या ओरडत होत्या, तरी ते तसेच ऐकत उभे राहिले. मग त्यांनी एक छोटा स्क्रू पाव फेरा सैल केला. "आता."

खर्र, खर्र, खर्र, आणि मग एकदम अख्खी शेड थरथरली. ती चालू झाली! आवाज फाटका होता, लंगडत होता, पण थांबत नव्हता. मी उड्या मारत होते. माय आतून ओरडत होती, "चालू व्हयनी! चालू व्हयनी!" बांनी छापा डोक्यावरून हवेत हलवला. भंगारवाल्याने कुणी न सांगता साखळी गुंडाळली आणि किरीटभाईंनी त्याला चहा पाजला. आबा काळ्या हातांनी बाजूला उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी फक्त एकदाच पाहिलं होतं, माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा.

सहीचं काम त्यामानाने सोपं निघालं. बँकेत मॅनेजरसमोर सही करून त्यांची साक्ष घ्यायची होती. मायने त्यांना खरं ते सगळं सांगितलं, तेलाने भाजलेला हात, मी, फूल. मग सही केली आणि जीभ दाताखाली धरून 'वं'वर पाच पाकळ्या काढल्या. मॅनेजर म्हणाले, "आता हे कशाला? साधी करा ना." ती म्हणाली, "मन्ही आंडेरनं फूल शे साहेब. राहू द्या." आंडेर म्हणजे लेक. ते हसले आणि त्यांनी शिक्का मारला. पुढे तिने जेवढ्या कागदांवर सही केली, त्या सगळ्यांवर ते फूल आहे.

कागद पुन्हा कंपनीकडे गेले, आणि वाट बघण्याच्या त्या दिवसांत बांनी आम्हा दोघींना गाडी शिकवली. रविवारी सकाळी डुमसचा रस्ता रिकामा असे. बा शेजारी ताठ बसून हुकूम सोडत, "क्लच, शेवंता, क्लच! दबावीने राख!" माय साडीचा काष्टा मारून बसायची आणि गिअर पडला की मागावरचा धावता धोटा हाताने पकडल्यासारखी खूश व्हायची. एकदा तिने एका नारळवाल्याची हातगाडी थोडक्यात चुकवली. तो शिव्या द्यायला पुढे आला, आत तीन बायका बघून गोंधळला आणि दोन शहाळी विकून गेला. मी मागे बसून माझी पाळी कधी येते याची वाट बघत होते. माझी पाळी आली की गाडी सशासारखी उड्या मारून बंद पडायची.

पैसे आले. मायने ते मोजून बांच्या हातात ठेवले आणि बांनी तितक्याच गंभीरपणे चावी दिली. दुसऱ्याच आठवड्यात त्या बडोद्याला गेल्या. निघताना गाडीच्या दारावरून एकदा हात फिरवला, आणि मग मायच्या गालावरून. डोळ्यांत पाणी मायच्याच आलं. बा म्हणाल्या, "रडे छे शुं? हवे बीजी लेजे." आता दुसरी घे.

ते त्यांनी थट्टेत म्हटलं असेल. पण पुढे खरोखरच माय दर वेळी हाच शिरस्ता पाळत आली. एखादा शेअर खूप वर्षं सांभाळला, तो दहापट झाला, की त्यातला लहानसा तुकडा विकून एक जुनी गाडी. लँडमास्टर तशी आली, आणि मी कमावती झाल्यावर माझी पहिली पद्मिनीही. आज भेस्तानला आमच्या शेडमध्ये सहा उभ्या आहेत आणि सगळ्या चालतात. आबा होते तोवर दर सोमवारी त्या शेडमध्ये जाऊन एकेक चालू करत आणि मान तिरकी करून ऐकत.

पण मला सांगायचं आहे ते त्या पहिल्या रविवारचं. गाडी आमची झाल्यावर आम्ही तिघं बारडोलीला निघालो, काही काम नव्हतं, नुसतं जायचं म्हणून. मायने वरण-बट्टीचा डबा बांधला होता. आबा मागे बसले, दोन्ही हातांनी पुढची सीट धरून. कडोदऱ्याला हमरस्त्यावर कापडाच्या गाठी लादलेल्या ट्रकांच्या मधून माय गाडी नेत होती आणि ड्रायव्हर खिडकीतून वाकून वाकून बघत होते. एकाने कौतुकाने हॉर्न वाजवला. तिने त्याच्याहून लांब वाजवला. खिडक्या उघड्या होत्या, वारा गरम, आणि आम्ही तिघंही एकाच वेळी मोठमोठ्याने बोलत होतो.

कडोदऱ्याच्या पुढे उसाची शेतं लागली तिथे तिने गाडी बाजूला घेतली. खाली उतरली, वळसा घालून माझ्या दाराशी आली. "आते तू चालाड."

माझ्याकडे शिकाऊ परवाना होता, हिंमत नव्हती. मी चाकामागे बसले. पहिल्यांदा गाडी उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदाही. मागून उसाने भरलेला एक ट्रक आला, थांबला, आणि जीव खाऊन हॉर्न वाजवायला लागला. त्याच्यामागे दुसरा. मी मायकडे पाहिलं. ती डब्यातून बट्टीचा तुकडा मोडत होती.

"माय, ते थांबलेत मागे!"

"थांबू दे," ती म्हणाली आणि तुकडा मागे आबांच्या हातात दिला. "घाई कोनले शे?"

मी चावी फिरवली, पहिला गिअर टाकला, आणि क्लचवरचा पाय हळू, अगदी हळू सोडला.